छातीचं (स्तनाच्या कॅन्सरचं) ऑपरेशन झालंय? मग आपल्यासारख्या चारजणी अशा जमवा

वॉर्डात कुणी कुणाचं नाव विचारत नाही, गाव विचारतात. मी पण तिथं आठ दिवस "परभणीवाली" होते. शेजारच्या कॉटवर सेलूच्या मावशी, पलीकडं पाथरीच्या आपा, अन् दाराजवळ अंबडची एक पोरगी, पोरगीच म्हणायची, तिशी पण ओलांडली नव्हती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला केस विंचरता येईनात, माझी सख्खी बहीण उशाशी बसून "पॉझिटिव्ह रहा ताई" म्हणत स्वतःच रडायली, तेवढ्यात सेलूच्या मावशी उठल्या, त्यांचं ऑपरेशन माझ्या चार दिवस आधी झालेलं, ड्रेनची बाटली, म्हणजे जखमेतलं पाणी नळीनं जिच्यात जमा होतं ती, परकराला सेफ्टी पिनेनं अडकवलेली, अन् त्यांनी चांगल्या हातानं माझे केस विंचरून क्लचर लावून दिला. वर म्हणल्या, चौथ्या दिवशी तुझा पण हात इथपर्यंत येतो बघ. डॉक्टरनी पण हेच सांगितलं होतं, पण डॉक्टरचा हात कापलेला नव्हता ना.

तर माझं म्हणणं असं की या आजारात बाईला धीर देणारे ढीगभर मिळतात, खरी कमी असते ती आपल्या चार पावलं पुढं असलेल्या बाईची. दहा वर्षांपूर्वी बरी झालेली चालत नाही, ती आता विसरलेली असते. चार दिवस पुढं, चार महिने पुढं, अशी पाहिजे. आमच्या अशा गटात आता सातजणी आहेत, चार वर्षं झाली चालू करून, चुका भरपूर केल्या, त्या पण सांगते म्हणजे तुमच्या वाचतील.

बायका शोधायच्या कुठं

आपल्याकडं कुणी सांगत नाही हो. "गाठीचं ऑपरेशन झालं" इथपर्यंत येतात, काहीजणी तर पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणून गावात सांगतात कारण पिशवी काढलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत, त्याची लाज नाही, छातीची आहे. म्हणून गावात विचारत फिरू नका, सगळ्यात चांगली जागा म्हणजे रेडिएशनची लाइन. शेक म्हणतात बघा आपल्याकडं, "शेक चालू आहे". तो कुणाला १५ दिवस कुणाला २५ दिवस असतो, शनिवार-रविवार सोडून साधारण रोज, त्याच वेळेला तीच तोंडं, दोन आठवड्यात घरचं सगळं माहीत होतं. संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल २०१२ ला सुरू झालं तेव्हापासून आपल्या परभणी जालना हिंगोलीच्या बायकांना मुंबईच गाठायची गरज राहिली नाही, लातूर धाराशिवच्या बायका बार्शीच्या नर्गिस दत्तला जातात, लातुरात विवेकानंदला जातात, तिथल्या बाकड्यावर बसा, डबा उघडा, आपोआप होतं.

दुसरा मार्ग आशाताई. तिला गावातली प्रत्येक फाइल माहीत असते. पण तिच्याकडून दुसरीचा नंबर मागू नका, स्वतःचा देऊन ठेवा. मी पहिल्यांदा हीच चूक केली, नंबर घेऊन सरळ फोन लावला, उचलला सासूनं, अन् त्या सासूला "छातीचा कॅन्सर" हा शब्द माझ्याकडून पहिल्यांदा कळला. त्या बाईनं नंतर माझा फोन कधीच उचलला नाही, अन् बरोबर केलं तिनं.

यातनंच आमचा पहिला नियम झाला. समोरची जो शब्द वापरती तोच आपण वापरायचा. ती गाठ म्हणली तर गाठ. कित्येक बायकांना घरच्यांनी कॅन्सर म्हणून सांगितलेलंच नसतं, कीमो चालू असतो तरी "ताकदीची सलाईन" म्हणून सांगितलेलं असतं, आता लाल सलाईन लागून केस गळायलेत ते ताकदीनं गळत नाहीत हे तिला पण कळतं, पण ते तिनं अन् तिच्या डॉक्टरनं बोलायचं, आपण नाही.

पहिली भेट

वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. कितवी स्टेज, किती गाठी निघाल्या, हे विचारायचं नाही अन् आपलं पण सांगायचं नाही, कारण लगेच मनात तुलना चालू होते. नारळ, सफरचंद हे तर सगळेच आणतात. आम्ही एक पिशवी नेतो.

अमेरिकेत टेरेस लॅसर म्हणून एक बाई होत्या, स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर १९५२ साली त्यांनी हेच सुरू केलं, ऑपरेशन झालेल्या बाईनं नवीन ऑपरेशन झालेल्या बाईला जाऊन भेटायचं, सोबत एक रबरी चेंडू अन् दोरी न्यायची व्यायामाला. डॉक्टर लोक चिडायचे म्हणे, न विचारता वॉर्डात येती म्हणून. मला हे वाचल्यावर लई हसू आलं कारण आम्हाला पण एका सिस्टरनं असंच हाकललं होतं, तेव्हापासून आम्ही आधी सिस्टरला विचारतो, भेटायच्या टायमातच जातो, सर्दी खोकला असला तर जात नाही. तर आमच्या पिशवीत चेंडू आहे, पोराचा टेनिसचा, दोरीच्या जागी जुनी सुती साडी, एक छोटी उशी काखेत ठेवायला म्हणजे झोपताना हात टाक्यांवर घासत नाही, अन् गळ्यात अडकवायची कापडी थैली. ही थैली ड्रेनसाठी. जुन्या परकराच्या कापडाची, लांब बंद असलेली. बाटली पिनेला लटकवली की नळी ओढली जाते अन् रात्री कुशीवर वळताना जीव जातो, थैलीत राहिली की बाथरूमला पण सोबत येती. पाणी रोज एकाच वेळेला मोजून वहीत लिहायचं, साधारण २४ तासात ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढायचं बघतात, पण ते त्यांनी ठरवायचं, "माझी पाचव्या दिवशी काढली, तुझी अजून कशी आहे" असलं काही बोलायचं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या भेटीतच सांगून टाकायची कारण ती कुणीच सांगत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर लागतं, मुंग्या येतात, कधी कधी तर जी छाती काढली तिथंच खाजवल्यासारखं होतं. काखेतल्या गाठी काढताना तिथली नस दुखावते म्हणून बधिर होतं, अन् काढलेल्या जागी खाज येणं पण बऱ्याच जणींना होतं. आपा रात्री उठून बसायच्या, त्यांना वाटायचं काहीतरी बाहेरचं झालंय. मावशी म्हणल्या, अगं मला पण होतं, अन् झोपल्या दोघी.

ब्लाउज

आता याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. डॉक्टरच्या हिशोबानं ही किरकोळ गोष्ट, पण बाई घराबाहेर पडती का नाही ते यावर ठरतं. आमच्यातली मानवतची ताई शिवणकाम करती, हे सगळं तिचं.

पहिले दीड-दोन महिने समोरून हुक असलेलं, ढगळ, सुती ब्लाउज, बाह्या कोपरापर्यंत पण सैल, काखेला कळी टाकून. मागून बटणं, डोक्यातून घालायचं काही नको. जखम पूर्ण भरली अन् डॉक्टरनी हो म्हणलं की मग आत भरायचं बघायचं. दुकानात सिलिकॉनचं मिळतं, महाग असतं, अन् आपल्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला त्याच्याखाली घाम साठून पुरळ उठते. सुती दोऱ्याचं क्रोशानं विणलेलं, आत पॉलिस्टरचा कापूस भरलेलं, हे सगळ्यात चांगलं, हलकं असतं, धुता येतं. पण हलकं म्हणूनच ते वर सरकतं, अन् दुसरी बाजू जड असेल तर एका अंगाला ओढल्यासारखं होऊन मान अन् खांदा दुखायला लागतो. म्हणून मानवतची ताई त्याच्या आत खालच्या बाजूला मोहरीची छोटी पुरचुंडी टाकती, धुताना काढून ठेवायची. आधी आम्ही तांदूळ भरले होते, घामानं भिजले, वास सुटला, अन् एकीच्या तर ब्लाउजमधे पोरकिडे निघाले, आता हसतो पण तेव्हा ती बिचारी लग्नाच्या पंगतीत बसलेली होती.

ब्लाउजला आतून सुती कापडाचा खिसा शिवून घ्यायचा, वरून उघडा, म्हणजे भरलेलं जागेवर राहतं. अनोळखी टेलरला सांगायची लाज वाटती तर एक ब्लाउज आपल्यातलीनं शिवून द्यायचं अन् ते नमुना म्हणून टेलरला नुसतं पुढं करायचं, "असंच पाहिजे". तोंडानं काही सांगावं लागत नाही. अन् जिला काहीच भरायचं नाही तिला नाही भरायचं. सेलूच्या मावशी पहिल्या दिवसापासून तशाच राहतात, पदर पण नीट घेत नाहीत, म्हणतात या वयात कुणाला दाखवायचंय. त्यांना कुणी आग्रह करत नाही.

भिंतीवरच्या टिकल्या

हात वर जाणं. याला एकटीनं केलं तर कंटाळा येतो अन् दुखतं म्हणून सोडून देतात, मग खांदा आखडतो, मग रेडिएशनला हात डोक्यावर ठेवून झोपायचं असतं ते जमत नाही. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नुसतं चेंडू दाबणं, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं. ड्रेन निघाल्यावर डॉक्टरला किंवा फिजिओथेरपीवाल्यांना विचारून भिंत चढायची, म्हणजे भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं अन् बोटं खारीसारखी वर वर चढवत न्यायची, जिथं ओढ बसती तिथं थांबून पाच श्वास. आमच्या इथं माझ्या घरच्या भिंतीवर प्रत्येकीची टिकली लावलेली आहे, जिथपर्यंत बोट गेलं तिथं टिकली, पुढच्या वेळेला वर गेली तर उचलून वर लावायची. आपांची टिकली नाही, त्यांची मेंदीची रेघ आहे. अंबडची पोरगी दोन महिन्यात स्विच बोर्डाच्या वर गेली अन् मी त्या बोर्डाच्या खालीच अडकलेले, त्या इरेला पडून मी घरी रोज दोनदा करायला लागले.

काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखं लागलं तर घाबरू नका, बऱ्याच जणींना होतं, डॉक्टरला दाखवून व्यायाम चालूच ठेवायचे असतात.

काखेतल्या गाठी काढल्या त्या बाजूच्या हाताला सूज येती का बघायला शिंप्याचा टेप. महिन्यातून एकदा, दोन्ही हात, कोपराच्या वर १० सेंटीमीटरला अन् खाली १० सेंटीमीटरला, दरवेळेस तीच जागा. एकमेकींचं मोजायचं कारण स्वतःचं एका हातानं नीट मोजता येत नाही. पहिल्यापेक्षा २ सेंटीमीटरनं फरक वाढला, किंवा अंगठी बांगडी अचानक घट्ट व्हायली, तर डॉक्टर. बांगड्यांचं एक सांगते, ऑपरेशनच्या बाजूच्या हातात भरायच्या तर सैल भरा, कासाराकडं हात दाबून दाबून चढवायच्या नाहीत, काच फुटून ओरखडा निघाला तर तिथनं इन्फेक्शन शिरतं. बीपी अन् सुई पण होईल तेवढं दुसऱ्या हाताला, हे सिस्टरला आपण सांगायचं.

अन् शेतातलं. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटात घुसतात हे काय सांगायला पाहिजे का कुणाला. आमच्यातल्या दोघींना वेचणी सोडून जमत नाही, मजुरी आहे ती. तर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्या हाताला हातमोजा, खरचटलं की लगेच साबणानं धुवून मलम, अन् वेचलेला कापूस टाकायची ओटी चांगल्या बाजूच्या खांद्याला. पण "आता हात वापरूच नको" म्हणून बसवून ठेवणं हे पण चुकीचंच आहे, हात वापरल्यानंच मोकळा होतो, फक्त हळूहळू वाढवायचं. मावशीनं आधी पोळीपासून सुरू केलं, मग लहान भाकरी, मग नेहमीची, हापसा मात्र सहा महिन्यांनी. हात लाल झाला, गरम लागायला लागला, ताप आला, तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना. कीमो चालू असताना १०० पॉइंट ४ ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. थर्मामीटर आम्ही वर्गणीतून प्रत्येकीला घेऊन दिला.

ग्रुप, पैसे अन् भांडणं

व्हॉट्सअपवर आमचे व्हॉइस मेसेजच असतात कारण दोघींना वाचता येत नाही. ग्रुपचं नाव "रविवारचा बाजार" आहे, म्हणजे घरात कुणी मोबाइल बघितला तरी काही कळत नाही. जखमेचे फोटो ग्रुपवर नाही, रिपोर्ट नाही, अन् लक्ष्मणफळ, गोमूत्र, गव्हांकुर, अमक्या बाबाची पुडी असलं काहीही फॉरवर्ड नाही. याच्यावरून एकदा मोठं भांडण झालं, एक ताई पुडीच्या नादात दोन कीमो चुकवून बसल्या अन् ती पुडी आमच्याच ग्रुपवरून कळली होती त्यांना. गोळ्यांचं पण तेच, पाच वर्षं, काहींना दहा वर्षं हार्मोनची गोळी असती, "आता बरं वाटतंय, बंद करू का" याचं उत्तर आपण द्यायचं नाही.

भेटायचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवा, हे माझं सगळ्यात हुशारीचं काम. बाजाराला बाई निघाली तर घरात कुणी कारण विचारत नाही, अन् मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. जागा मंदिराची नको, आमचं पहिल्यांदा मंदिरात ठरलं होतं तर आपा बाहेर चपलांजवळ उभ्या राहिल्या, मला आजपण ते आठवून लाज वाटती.

पैशाचं, महिना ५० रुपये. आधी आम्ही बचत गटासारखं कर्ज द्यायला लागलो होतो, अन् जिनं घेतलं तिची कीमो चालू, ती कुठनं फेडणार, मागायचं कसं, ती यायचीच बंद झाली. तेव्हापासून कर्ज बंद. तिकीट, थर्मामीटर, झेरॉक्स एवढंच. झेरॉक्स फार लागतात बाबा. प्रत्येकीच्या फाइलमधे रेशनकार्ड आधारचे चार सेट तयारच ठेवतो कारण सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ऑपरेशन, कीमो, शेक बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाच्या, आरोग्यमित्राच्या टेबलावर एक झेरॉक्स कमी पडली की दिवस गेला. मुंबईला टाटाला जावं लागलं तर हॉस्पिटलमधून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या, पेशंटला स्लीपर अन् थर्ड एसी फुकट असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

नवऱ्यांचं काय ते पण विचारतात. नवरे येतात, बायकोला सोडून कोपऱ्यावरच्या टपरीवर बसतात, अन् आता त्यांचंच तिथं जमलंय. रात्रीचं, जवळ येण्याचं, आरशाचं, हे विषय पहिल्या पाच-सहा भेटीत निघत नाहीत, काढू पण नका, एखादीच्या ताटातलं जेवण तसंच राहिलं की समजायचं काहीतरी आहे, अन् भांडी घासताना दोघीच असल्या की ती आपोआप बोलती.

कुणी गेली तर

हे लिहू का नको वाटत होतं. आमच्यातली अंबडची पोरगी मागच्या वर्षी गेली. आम्ही पंधरा दिवस ग्रुपवर काहीच बोललो नाही, प्रत्येकीला वाटायचं आता माझा नंबर, अन् दोघींनी तर फॉलोअपलाच जायचं बंद केलं. मग मावशीनंच सगळ्यांना फोन करून बोलावलं, कुणी काही भाषण केलं नाही, पिठलं भाकरी केली, तिच्या गोष्टी काढल्या, तिनं सिस्टरची नक्कल कशी केली होती ती काढली, रडलो, जेवलो. तुमच्यात असं झालं तर लपवू नका, दोन दिवसाच्या आत सगळ्यांना आवाजात सांगा, मेसेजवर नाही, अन् आठवड्याच्या आत भेटा. तिच्या घरच्यांकडं दोघींनीच जा, सातजणी एकदम गेलो तर त्यांना आपल्या प्रत्येकीत ती दिसती. दिवाळीला रंग देताना पेंटर तिची टिकली काढायला निघाला होता, त्याला तेवढा पट्टा सोडायला लावला, वाईट दिसतंय म्हणला, दिसू दे.

फॉलोअपचं राहिलंच. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, अन् रिपोर्टच्या आदल्या रात्री कुणालाच झोप येत नाही, म्हणून एकटीला पाठवत नाही आम्ही. घरातली बहीण किंवा तिशीच्या पुढची लेक असंल तर तिला पण त्याच चकरेत तपासून घेतो. तारीख घेताना काउंटरवर दोघींची एकाच दिवशीची मागायची, देतात, फक्त नंबर लावायला सकाळी लवकर पोचायचं अन् दोन्ही फाइली एकदमच पुढं करायच्या.